बिट्टी म्हणजेच पिवळी कण्हेर कशी ओळखायची

बिट्टी दिसायला छान, बारमाही हिरवी, पाणी कमी लागतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून बागेत आणि कुंपणाला हौसेने लावतात. पण पानापासून मुळापर्यंत सगळं झाड विषारी आहे, आणि जिथे लहान मुलं खेळतात तिथे ते ओळखता आलंच पाहिजे.

नुसत्या फुलावर जाऊ नका, गल्लत तिथेच होते. पिवळी, घंटेसारखी फुलं टेकोमाला पण येतात, अलमंडाला पण, आणि बिट्टीत तर केशरट नि पांढऱ्या फुलांची झाडंही असतात. आधी पान बघा. अगदी अरुंद, जेमतेम एक सेंटीमीटर रुंद आणि दहा-पंधरा लांब, वरून चकचकीत, मधे एकच ठळक शीर. टेकोमाच्या पानाला करवतीसारखे दाते असतात, अलमंडाचं पान बरंच रुंद. गुलाबी-पांढऱ्या कण्हेरीची पानं बहुतेक एकाच जागेवरून तीन-तीन फुटतात, बिट्टीची एकेक करून फांदीभोवती फिरत वर जातात. अर्थात ती कण्हेरही विषारीच, तेव्हा ती निघाली म्हणून निर्धास्त होऊ नका.

पान तोडलं की पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, म्हणून बघायचंच असेल तर हातमोजे घाला. अलमंडालाही चीक असतो, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लावू नका.

फळ दिसलं की शंका उरत नाही. हिरवं, गुळगुळीत, धड गोल नाही, त्रिकोणी-चौकोनी, मधून एक कड उठलेली, आणि पिकल्यावर काळं पडतं. आत टणक बाठा. झाडाखाली पडलेले हे बाठे मुलं खेळायला उचलतात आणि खरी भीती त्याचीच आहे, कारण आतल्या बियांमध्ये थेवेटिनसारखी हृदयावर परिणाम करणारी विषं सगळ्यात जास्त असतात, आणि बी वाळलं, उकळलं तरी ती जात नाहीत.

कोणी चावलंच तर तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. उलटी करवू नका. उलट्या, जुलाब, चक्कर, मंद किंवा अनियमित नाडी ही लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून आत्ता बरं वाटतंय म्हणून थांबू नका. फळाचा किंवा पानाचा फोटो सोबत न्या, म्हणजे डॉक्टर लगेच ईसीजी काढून हृदयावर लक्ष ठेवतील.