न्यूझीलंडमध्ये फिरताना आधी माहिती केंद्र गाठा

न्यूझीलंडमध्ये अनेक गावांत 'आय-साइट' नावाची पर्यटक माहिती केंद्रं आहेत. बोट, बस, मुक्काम यांचं बुकिंग तिथे होतं, पण ते मोबाइलवरही होतंच. खरा फायदा काउंटरपलीकडच्या स्थानिक माणसाचा. "उद्या काय बघू?" असं मोघम विचारू नका, "दोन तास आहेत, सोबत आजी आहे, चढ नको" असं सांगा, की तो कागदी नकाशावर पेनानं गोल करून देतो. तो नकाशा जपा, रेंज गेली की तोच कामाला येतो.

डोंगरात पायी जायचं असेल तर मात्र संवर्धन खात्याचं, म्हणजे 'डॉक'चं केंद्र गाठा. पायवाटा, हवामान, डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्यांची तिकिटं, सगळं तिथे कळतं. 'ग्रेट वॉक्स' म्हणजे तिथल्या नावाजलेल्या, अनेक दिवसांच्या पायवाटा; त्यांवरच्या झोपड्या मात्र आधीच आरक्षित कराव्या लागतात, ऐनवेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नका. आणि एक गैरसमज: केंद्रात बेत सांगितला म्हणजे परतलो नाही तर ते शोधायला येतील, असं नाही. परतायची वेळ घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला कळवून ठेवा. आणीबाणीचा नंबर १११.

दक्षिण बेटावरच्या मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या समुद्राच्या खाडीला निघालात तर वाटेतल्या 'ते आनाऊ' गावातच गाडीची टाकी फुल करा. तिथून पुढच्या सुमारे १२० किलोमीटरच्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. हिवाळ्यात हिमलोटांमुळे रस्ता बंदही होतो, म्हणून निघायच्या दिवशी सकाळीच चौकशी करा.