म्युझिक व्हिडिओ बनवताना या चुका टाळा

नवे दिग्दर्शक म्युझिक व्हिडिओतील दृश्यसंकेत, म्हणजे चित्रणाच्या रूढ पद्धती, बहुतेकदा आवडत्या व्हिडिओतून जसेच्या तसे उचलतात. तो संकेत मुळात कोणत्या अडचणीतून रूढ झाला हे ठाऊक नसले, की तो भलत्या जागी येतो आणि गाण्यालाच मारक ठरतो.

एमटीव्ही ही अमेरिकी संगीतवाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली, म्हणून म्युझिक व्हिडिओही तेव्हाच जन्मला, हा पहिला गैरसमज. अमेरिकेत १९४० च्या दशकातच नाणे टाकून पाहायच्या यंत्रांसाठी ‘साउंडीज’ नावाचे एकेका गाण्याचे छोटे चित्रपट निघत होते आणि १९६० मध्ये फ्रान्समध्ये त्याच धर्तीचे स्कोपिटोन यंत्र आले. बीटल्सनी १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’च्या चित्रफिती काढल्या, त्या दूरचित्रवाणीच्या प्रत्येक कार्यक्रमाला स्वतः जावे लागू नये म्हणून. कलाकार हजर नसताना त्याचा चेहरा श्रोत्यापर्यंत पोहोचवणे हे या प्रकाराचे जुने काम आहे आणि गाणाऱ्या चेहऱ्याचा क्लोजअप त्यामुळेच आजवर टिकला आहे. तो जुनाट वाटतो म्हणून गाळायचा असेल, तर त्याच्या जागी प्रेक्षकाला काय धरून ठेवणार, हे आधी ठरवावे.

सर्वांत जास्त मनस्ताप लिपसिंक, म्हणजे वाजणाऱ्या गाण्याशी ओठांची हालचाल जुळवणे, देते. पहिल्या ओळीला ओठ अचूक जुळतात आणि शेवटच्या कडव्यात घसरतात, तेव्हा दोष सहसा गायकाचा नसून फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) टिपली वा दाखवली जातात त्याचा, असतो. चित्रीकरण २३.९७६ फ्रेमने झाले आणि एडिटिंगमध्ये तेच चित्र २४ फ्रेमने चालवले, तर चार मिनिटांच्या गाण्यात ते सुमारे पाव सेकंद, म्हणजे जवळजवळ सहा फ्रेम पुढे जाते. मोबाइलवरील चित्रीकरणात फ्रेम रेट मध्येच बदलत असल्यामुळे ही घसरण एकसारखीही नसते. अशा क्लिप आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्याव्यात. सेटवर वाजवलेली आणि एडिटिंगला घेतलेली गाण्याची फाइल एकच असावी, आणि पहिला टेक तपासताना शेवटची ओळ आवर्जून पाहावी.

स्लो मोशनमध्ये गाणारा चेहरा हवा असेल, तर नेहमीच्या वेगाने गाऊन घेतलेले चित्र नंतर संथ केल्यास ओठ गाण्याच्या मागे पडणारच. गाणे दुप्पट वेगाने वाजवावे, कॅमेरा ४८ फ्रेमवर ठेवावा आणि चित्र २४ फ्रेमने दाखवावे. ओठ बरोबर जुळतात, केस आणि कपडे मात्र तरंगत राहतात. पोलीस या बँडच्या ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’च्या १९८३ मधील व्हिडिओतील स्वप्नवत हालचाल गाणे जलद वाजवूनच साधली होती. द्रुत लयीचे गाणे दुप्पट वेगाने तोंडात बसत नाही. तिथे ३६ फ्रेम आणि दीडपट वेग पुरतो, आणि गायकाचा सराव आदल्या दिवशीच करून घेतलेला बरा.

प्रत्येक ठेक्यावर कट मारण्याची सवयही तपासून पाहावी. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका २४ फ्रेमच्या हिशेबाने फक्त १२ फ्रेमचा असतो. त्या गतीने चार मिनिटांत ४८० शॉट होतात आणि ध्रुवपद येते तेव्हा वाढवायला काही उरतच नाही. कडव्यात शॉट लांब ठेवावेत, म्हणजे पुढची गती जाणवते.

शब्दात पाऊस आला की पडद्यावर पाऊस, ही चूक छोटी वाटते, पण चित्र त्यामुळे गाण्याचे निव्वळ भाषांतर होऊन बसते. आ-हा या बँडच्या, स्टीव्ह बॅरन दिग्दर्शित ‘टेक ऑन मी’च्या व्हिडिओतील पेन्सिलीने रेखाटलेले जग गाण्याच्या शब्दांत कुठेच नाही, तरी त्यातील ओढ त्या रेषांमधून नेमकी पोहोचते.

एडिटिंगच्या टेबलावर सापडणारी पण तिथे दुरुस्त न होणारी चूक म्हणजे अपुरे फुटेज. एका ठिकाणी दोनच ओळी चित्रित केल्या असतील, तर त्या ठिकाणी पुन्हा परतण्याची वाट बंद होते. म्हणून प्रत्येक ठिकाणी संपूर्ण गाणे किमान एकदा, न थांबता, रुंद शॉटमध्ये घ्यावे.