घळ बघायची तर आधी वरून, मग खालून

नागपूरच्या माणसाला दरीत उतरायचं असेल तर तयारी रामटेकला करावी. आपलं शहर सपाट. सेमिनरी हिल्सचा रस्ता हाच आपला चढ, आणि तोही बहुतेकदा गाडीवर. चढताना लागणारा दम दोन मिनिटं थांबलं की जातो, पण उतरताना मांड्या थरथरायला लागल्या की थांबूनही फारसा उपयोग होत नाही. ही सवय पायांना आधीच लावावी लागते. म्हणून निघायच्या महिनाभर आधीपासून दर रविवारी पहाटे अंबाळा तलावाच्या बाजूने रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढायच्या आणि, मुख्य म्हणजे, पायीच उतरायच्या. चढून गेल्यावर खाली यायला ऑटो करायचा नाही. उतार हाच खरा सराव.

हे मला कळलं ते पाताळकोटात, फेब्रुवारी महिन्यात, भर दुपारी दीड वाजता.

पाताळकोट म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातलं, तामियाजवळचं घोड्याच्या नालेच्या आकाराचं खोरं. बारा गावं, भारिया आणि गोंड लोकांची वस्ती, तळाशी दुधी नदी. वरच्या कड्यापासून तळ साधारण 1200 ते 1500 फूट खाली. हा आकडा मी वाचला होता, पण कड्यावर उभं राहून खाली बघितलं तेव्हा शेतं, कौलं, चुलीचा धूर इतकं स्वच्छ दिसत होतं की वाटलं, हे तर इथंच आहे. दरी अशीच फसवते. वरून बघताना अंतर कळत नाही, कारण मध्ये मोजायला काही नसतं. 1200 फूट म्हणजे शंभर मजली इमारतीएवढी खोली, आणि पायवाट काही लिफ्टसारखी सरळ जात नाही.

मी, भाऊ आणि वहिनी अकराला उतरायला लागलो. तिघांत पाण्याच्या दोन बाटल्या. खाली पोचेपर्यंत दीड बाटली संपली होती. परत चढायला घेतलं तेव्हा ऊन नेमकं आमच्याच बाजूच्या कड्यावर आलेलं, दगड तापलेले, आणि वहिनी दर वीस पावलांवर बसत होती. मागून एक म्हातारी बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली. पायात काही नाही. आमच्याकडे बघून तिने मोळी उतरवली, वहिनीला आपल्याजवळचं पाणी दिलं आणि कसं चढायचं ते करून दाखवलं. पाऊल सरळ वर टाकायचं नाही, वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपं जायचं. टाच पूर्ण टेकवायची, बोटांवर चढायचं नाही. श्वास पावलाला बांधायचा. ती पुढे चालत राहिली आणि आम्ही तिच्या टाचांकडे बघत, ती जिथे पाय ठेवेल तिथे पाय ठेवत वर आलो. उतरायला एक तास लागला होता, चढायला अडीच.

तेव्हापासून माझा हिशोब पक्का आहे. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा, घाईत दमलो तर अडीचपट. पाणी माणशी किमान दोन लिटर, त्यातलं अर्ध्याहून जास्त परतीसाठी राखून ठेवायचं. लिंबू, मीठ, साखर वेगळी पुरचुंडी. आणि पहिल्या दिवशी उतरायचंच नाही.

पहिल्या दिवशी फक्त वरून बघायचं. या गोष्टीवर मी घरात सगळ्यांशी भांडते. नागपूरहून सावनेर, सौंसर करत छिंदवाडा साधारण 125 किलोमीटर, पुढे तामिया 55, आणि तिथून कड्याजवळ जायला आणखी थोडं. सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालं तरी वाटेत जाम सावळीला निजलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन, सिल्लेवानीचा घाट चढून, दुपारपर्यंत तामियाला आरामात पोचता येतं. मग संध्याकाळी कड्यावर जाऊन तासभर बसायचं. नुसतं बसायचं नाही, बघून ठेवायचं: कोणत्या बाजूच्या भिंतीवर सावली आधी येते, पायवाट कुठे झाडीत जाते आणि कुठे उघड्यावर येते, पाण्याची रेघ कुठे आहे. खोल दरीत सूर्य उशिरा पोचतो आणि लवकर निघून जातो. ज्या कड्याने चढणार त्यावर सावली किती वाजता येते हे आदल्या दिवशी कळलं, तर दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. आणि वारा पडला की खालून आवाज वर येतात. कोंबडा आरवतो, कोणीतरी कोणाला हाक मारतं. त्या आवाजांनी खोली जेवढी कळते तेवढी डोळ्यांनी कळत नाही.

आता काही गावांपर्यंत रस्ता झाला आहे, गाडी बरीच खाली जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच न करता गाडीने जावं. पण कसंही जा, ते लोकांचं घर आहे हे डोक्यात ठेवून जा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, मुलांना चॉकलेटं वाटायची नाहीत. कोणी चारोळी, कुटकी, मध विकत असेल तर भाव न पाडता घ्या. भारियांचं जडीबुटीचं ज्ञान मोठं आहे म्हणून ऐकून काही जण मुळ्या उपटून आणतात, ते तर अजिबात करू नका. 2019 साली पाताळकोट जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालं आहे. गावातलाच एखादा माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि पैसे आधी ठरवा. पायवाटा फुटतात, आणि खाली मोबाइलच्या भरवशावर राहता येत नाही.

दुसरी घळ भेडाघाटची. तिथे पायांपेक्षा दिवस निवडणं महत्त्वाचं.

जबलपूर नागपूरहून रस्त्याने साधारण 270 किलोमीटर. पेंचच्या जंगलातून जाताना महामार्ग जनावरांसाठी उंच खांबांवर उचलला आहे, ते बघत बघत सिवनी, लखनादौन आणि पुढे जबलपूर. तिथून भेडाघाट विसेक किलोमीटर. नर्मदा इथे आधी ऐसपैस पसरून येते, मग एकदम अरुंद होऊन धुआंधारला खाली कोसळते आणि संगमरवराच्या उभ्या भिंतींमधून वाट काढते. धबधबा आपल्या पायाखालचा खडक झिजवत मागे मागे सरकतो, आणि पुढे जी चीर उरते ती घळ. हे शाळेत शिकतो, पण धुआंधारच्या कठड्याशी उभं राहून तोंडावर तुषार घेताना पहिल्यांदा पटतं. म्हणून इथेही क्रम तोच: आधी वरून धबधबा, मग खालून, नावेत बसून घळ.

नाव पंचवटी घाटावरून सुटते, आणि पावसाळ्यात बंद असते. दरवर्षी ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या आल्या की कोणीतरी नागपूरहून निघतं आणि नाव नाही म्हणून हिरमुसून परत येतं. पावसाळ्यात जायचं तर धबधब्यासाठी जा, पण जोरदार पूर असला तर खालचं पाणी इतकं चढतं की धुआंधारच दिसेनासा होतो. वर बरगी धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की इथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी वाढतं. खडकावर उतरून पाय बुडवायची हौस तिथे करू नका. ओला संगमरवर साबणासारखा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

नाव दुपारी बारा-एकला घेऊ नका. पांढरा दगड उन्हात इतका चमकतो की डोळे मिटतात आणि रंग काही कळत नाहीत. चार-साडेचारला बसा. नाववाले तुकबंदीत माहिती सांगतात. सगळे हसतात, तुम्हीही हसा, पण एक हात मोकळा ठेवून भिंत जवळून बघा. लांबून पांढरी वाटणारी भिंत जवळ गेल्यावर कुठे दुधी, कुठे पिवळसर, कुठे गुलाबी असते, मध्येच काळपट हिरवी पट्टी उभी खाली उतरते. पाण्याच्या रेषेपाशी दगड गुळगुळीत, वर गेला की खरबरीत. जिथे गुळगुळीतपणा संपतो तिथे बोट ठेवून मी नाववाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, पूर याच्याही किती वर जातो. मान मागे टाकून बघितलं तर वर शंभरेक फूट कडा, आणि मध्ये आकाशाची पट्टी. बंदरकूदनीला दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की पूर्वी माकडं इकडून तिकडे उडी मारायची, म्हणून ते नाव.

वेळ उरला तर चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढा. कलचुरींच्या काळातलं, दहाव्या शतकातलं गोल मंदिर आहे, आणि वरून नर्मदेचं वळण दिसतं. जवळच लमेटाघाट. या जागेवरून ज्या खडकांना 'लमेटा' नाव पडलं, त्यांचेच थर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही आहेत, आणि तिथे डायनोसॉरची हाडं सापडली आहेत. मुलांना हे सांगा, त्यांचा प्रवास बदलतो.

चिखलदरा आणि पचमढी यांबद्दल थोडक्यात. चिखलदऱ्याला भीमकुंड आणि पंचबोल पॉइंट बघायला पावसाळ्याचा शेवट चांगला, पण धुकं असेल तर कड्याजवळ जायचंच नाही, चहा घेऊन वाट बघायची. पचमढीचं हांडी खोह 300 फूट खोल आणि अगदी अरुंद, ते वरूनच बघायचं असतं. तामियाहून मटकुलीमार्गे पचमढी जवळ पडतं, म्हणून एक दिवस जास्त असेल तर पाताळकोटला जोडून घ्या. चिखलदऱ्याला काळा बसाल्ट, पचमढीला वालुकाश्म, भेडाघाटला संगमरवर. एवढ्या अंतरात तीन तऱ्हेचे खडक बघायला मिळणं हे नागपूरकरांचं भाग्य आहे आणि आपण ते वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सामानात बूट नवीन नकोत, दोन महिने वापरलेले हवेत. नखं कापून जा, नाहीतर उतरताना अंगठा बुटाला घासून काळानिळा होतो. डब्यात दशम्या आणि तिळाची चटणी, दोन दिवस टिकतं. संत्री नक्की घ्या, पण सालं पिशवीत परत आणा. कड्यावर माकडं असतात आणि पिशव्यांसाठी अंगावर येतात. दगड खाली टाकून खोली मोजू नका. खाली कोणीतरी मोळी घेऊन चढत असतं.

माझी आई 78 वर्षांची आहे. तामियाला ती गाडीत बसून राहिली होती, "येवढ्या खाली कायले जाता बाप्पा" म्हणत. मग आमचे फोटो बघून दोन दिवस गप्प होती. यंदा तिला भेडाघाटला नेतेय, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला धरून. चांदण्यातली नाव पौर्णिमेच्या आसपासच चालते, म्हणून निघण्याआधी घाटावर चौकशी करून घ्यायची आहे. घाटाच्या पायऱ्या उतरायला तिला एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने भाऊ धरणार. गेल्या रविवारपासून ती घरातल्याच जिन्यावर सराव करतेय, चार पायऱ्या खाली, चार वर.