झाकण उघडण्याआधी: फ्युएल पंप घरी बदलण्याची तयारी

पेट्रोल गाडीच्या टाकीतला फ्युएल पंप, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप, बदलायला हात बसलेल्या माणसाला दीड-दोन तास पुरतात. त्यातला जोखमीचा वेळ म्हणजे टाकीचं तोंड उघडं असतानाची १५-२० मिनिटं. तेवढ्यात रबर रिंग छोटी निघाली आणि इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीतल्या सुट्या भागांच्या दुकानांकडे पळावं लागलं, तर मागे उघडी टाकी वाफा सोडत बसते. म्हणून सगळी जमवाजमव आदल्या दिवशी उरकायची. झाकणाला हात दुसऱ्या दिवशी सकाळी.

सगळ्यात आधी पंप खरंच गेलाय का ते बघा. चावी ऑनवर आणली की (स्टार्ट न करता) मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं ऐकू यायला हवं. आवाज नसेल तर लगेच पंपाला दोष देऊ नका. फ्यूज काढून बघा, रिले बाजूच्या तशाच रिलेशी बदलून बघा, डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर गाडी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का ते बघा. मग पंपाचा कनेक्टर जोडलेलाच ठेवून मल्टीमीटरच्या सुया मागून लावा आणि दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि पंपापाशी १२ च्या आसपास मिळत असतील, तरीही पंप गप्प, तर पंप गेला. तिथे ९-१० व्होल्टच पोचत असतील तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे, नवा पंपही त्यावर कुंथतच चालेल. आवाज येतो पण गाडी चढाला दम टाकते, तेव्हा प्रेशर गेज लावून खात्री करा. बऱ्याच एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाड्यांत ३ बारच्या आसपास दाब लागतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. विजेची ही सगळी तपासणी टाकी बंद असतानाच करायची.

आता गाडीची रचना. मागच्या सीटखाली झाकण असेल तर हे काम घरी होण्यासारखं आहे. टाकीच खाली उतरवावी लागत असेल तर घरी करू नका. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली झोपून पेट्रोलची टाकी सांभाळणं हे लिफ्टवाल्या गॅरेजचंच काम.

सुट्या भागांत सर्वात जास्त चुका होतात. बाजारात दोन प्रकार मिळतात: नुसती पंपाची मोटर, किंवा प्लास्टिकच्या पिंजऱ्यासकट, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटसकट अख्खं मोड्यूल. नुसती मोटर स्वस्त पडते, पण जुना पिंजरा क्लिपा न मोडता उघडावा लागतो आणि जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं. पहिल्यांदाच करत असाल तर मोड्यूल घ्या, हे आमचं स्पष्ट मत. दुकानात गाडीचं नाव आणि साल सांगून भागत नाही. गाडीचा चासी नंबर आणि जुन्या पंपाच्या अंगावरचा पार्ट नंबर दिसत असल्यास त्याचा फोटो घेऊन जा. बॉश, डेन्सो यांच्या नावाची नकली पाकिटंही फिरतात. शिक्का, होलोग्राम, पक्कं बिल आणि बदलून द्यायची हमी बघून घ्या. ‘जास्त फ्लोचा पंप लावा, पिकअप वाढेल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. कंपनीतून आलेल्या इंजिनाला तेवढं पेट्रोल लागतच नाही, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला जादा प्रवाह झेपला नाही तर दाब वाढतो, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि बारीक वायरिंग तापतं.

पंपाबरोबर नवा जाळीदार मोजा, म्हणजे स्ट्रेनर, आणि नवी ओ-रिंग, म्हणजे तोंडाची रबर रिंग, हवीच. जुनी ओ-रिंग पेट्रोल पिऊन फुगलेली असते. एकदा खोबणीतून बाहेर आली की बोटाने कितीही दाबा, शेवटचा अर्धा इंच आत जायला तयार होत नाही. नुसती मोटर बदलताना आतली छोटी नळीही बदलायची आणि ती पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलीच घ्यायची, एसएई जे३०आर१० दर्जाची. बोनेटखाली चालणारी साधी फ्युएल नळी टाकीत बुडवली की बाहेरच्या बाजूने मऊ पडते, काही महिन्यांत चिरते. आवाज येतो पण दाब बनत नाही, आणि नवा पंप उगाच बदनाम होतो. आता मिळणाऱ्या इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलला तर नळी आणि रबर दोन्ही त्यासाठी चालणारे आहेत ना, हे दुकानदाराला विचारून घ्या. क्लॅम्प गोल कडेचे, इंजेक्शनच्या नळीसाठीचे घ्या. चिरा असलेला नेहमीचा पट्टी क्लॅम्प नळीत रुततो. बाहेर वेगळा फ्युएल फिल्टर असेल तर तोही याच खेपेला.

नवा पंप हातात आला की बॅटरीला लावून ‘चालतो का’ हे कोरडाच बघण्याचा मोह होतो. नाही. पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही पेट्रोलच देतं. टाकी कायम तळाला ठेवून सीएनजीवर पळणाऱ्या गाड्यांचे पंप लवकर जातात ते यामुळेही. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करणं यादीत लिहून ठेवा.

जागा आणि वेळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी सरकत जाते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं की ठिणगी पुरते. म्हणून बिल्डिंगखालचं बंद पार्किंग नको, रामबागेतल्या जुन्या वाड्याचा बोळही नको. चारी बाजूंनी वारा खेळेल अशी मोकळी जागा, सावलीत. इंदूरला मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या वर जातो, तेव्हा टाकीतून वाफेचा भपकाच येतो. सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत झाकण बंद, असा हिशोब ठेवा. गाडीशेजारच्या खोलीत गॅस, गीझर, पाण्याची मोटर बंद. देवघर त्या बाजूला असेल तर निरांजन आणि उदबत्ती काम संपल्यावर. घरच्यांना हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कारण सकाळच्या पूजेची वेळ नेमकी हीच असते.

टाकी पाव किंवा त्याहून कमी असावी. भरलेल्या टाकीचं झाकण उघडलं की पेट्रोल काठावरून सीटखाली सांडतं. आठवडाभर आधीपासून कमी भरत जा. काढावंच लागलं तर हातपंपाने काढा, तोंडाने नळी ओढू नका. गिळताना किंवा उलटी होताना ते फुप्फुसात उतरू शकतं. ठेवायला धातूचा, घट्ट झाकणाचा डबा, जमिनीवर टेकवलेला. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंतचं पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं, तेही धातूच्या २५ लिटरपर्यंतच्या भांड्यात. तेलाचा प्लास्टिकचा कॅन त्यात बसत नाही.

हत्यारं थोडीच: ८, १० आणि १२ चे सॉकेट, मोड्यूल टाकीवर धरून ठेवणारी लॉक रिंग फिरवायला पितळी पंच किंवा लाकडी ठोकळा (लोखंडावर लोखंड मारलं की ठिणगी), प्लास्टिकची रिंग असेल तर पट्ट्याचा पाना, नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना चष्मा, सुती चिंध्या, पांढरा सुती रुमाल, मार्कर. अंगात सुती कपडे. किमान २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक, काटा हिरव्यात असलेलं, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवलेलं. सोबत कोरड्या वाळूची बादली. पाणी नको, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं. आणि दुसरा माणूस, ज्याचं काम फक्त अग्निशामकाशेजारी उभं राहणं.

सकाळचा क्रम असा: काचा खाली, डिकी उघडी (बॅटरी काढल्यावर बटणाची डिकी उघडत नाही). पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करा, बंद पडू द्या, परत तीन सेकंद स्टार्टर मारा. लाइनमधला दाब उतरतो. पंप मेलेला असला तरी थोडा दाब अडकून राहू शकतो, म्हणून पाइप सोडताना चिंधी गुंडाळलेलीच हवी. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बांधून ठेवा. सीट उचला, झाकणाभोवतीची धूळ ब्रश आणि ओल्या फडक्याने काढा, मार्करने मोड्यूलच्या दिशेची खूण करा, फोटो काढा आणि फोन घरात ठेवून या.

कनेक्टर आणि पाइप सोडवा, लॉक रिंग फिरवून काढा. मोड्यूल सरळ खेचू नका. थोडं उचला, पेट्रोल निथळू द्या, मग तिरकं करून फ्लोटचा दांडा सोडवा; तो वाकला तर पेट्रोलचा काटा कायमचा खोटा बोलतो. जुना स्ट्रेनर पांढऱ्या रुमालावर हलकेच झटका. काळे कण म्हणजे कुजलेली नळी, तांबूस म्हणजे गंज, तळाला वेगळे थेंब म्हणजे पाणी. गंज किंवा पाणी दिसलं तर टाकी साफ केल्याशिवाय नवा पंप आत सोडू नका.

ओ-रिंगला बोटाने इंजिन ऑइलचा हलका हात, खूण जुळवून मोड्यूल खाली, लॉक रिंग परत घट्ट, कनेक्टर जोडलेला, पाइपच्या क्लिपला ‘टक’ ऐकू येईपर्यंत दाब. सांडलेलं पुसा, दारं उघडी ठेवून १५ मिनिटं वारा जाऊ द्या, मगच फ्यूज किंवा रिले परत जागेवर आणि बॅटरी. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद, की लाइन भरते. इंजिन चालू असताना झाकणाशी कोरडं बोट फिरवून बघा. सीट अजून लावायची नाही.

ओल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. एकेक उलगडून उघड्यावर सुकवा आणि नंतर महानगरपालिकेच्या कचरा गाडीत घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या. त्यानंतर पेट्रोल पंपावर जाऊन टाकी पूर्ण भरा आणि घरी येऊन सीटखाली परत नाक लावून बघा, कारण नीट न बसलेली ओ-रिंग पाव टाकीला गप्प राहते आणि काठोकाठ भरल्यावरच पाझरते. वास नसेल तर सीट बसवा.