स्तनातली गाठ आणि प्रथिनं कापणारी एन्झाइम्स : या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडची एक आक्का प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट गुंडाळून माझ्याकडे आली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ‘प्रथिनं कापणारी एन्झाइम्स’ असतात, असं नातवानं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं. त्या दिवसापासून आक्कानं डाळ आणि अंडी बंद केली. पंधरवड्यात चेहरा पार उतरला होता.

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. ताटातल्या डाळीचा आणि या एन्झाइम्सचा काही संबंध नाही. उलट ऑपरेशनची जखम भरायला प्रथिनंच लागतात.

मग ही एन्झाइम्स कापतात काय? आक्काला मी भाताच्या खाचराचा बांध आठवायला सांगितलं. दूधनलिकेतल्या पेशींभोवती असाच एक पातळ पडदा असतो, कोलॅजन आणि लॅमिनिन या प्रथिनांचा. सुरुवातीचा कॅन्सर या बांधाच्या आतच वाढतो. खेकडे बांध पोखरतात, तशी एमएमपी (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज) या कुळातली एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइम्स त्या पडद्यातलं कोलॅजन कापतात आणि पेशींना बाहेर पडायला वाट होते. यातली बरीचशी एन्झाइम्स कॅन्सरच्या पेशी नव्हे, तर शेजारच्या चांगल्या पेशीच तयार करतात. बाळाचं दूध तुटल्यावर स्तन पूर्ववत होतो, तेव्हाही हीच एन्झाइम्स राबतात. या कुळातलं पहिलं एन्झाइम १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडण्याच्या अभ्यासात सापडलं होतं.

म्हणून ‘एन्झाइम बंद करणारं औषध द्या’ असा हट्टही धरू नका. मारिमास्टॅट नावाचं असं औषध पसरलेल्या स्तनकॅन्सरमध्ये देऊन पाहिलं. आजार वाढणं काही लांबणीवर पडलं नाही, सांधे मात्र दुखू लागले.

याच्या अगदी उलटी चूक मेडिकलच्या दुकानात होते. गाठ लागली की ‘सूज उतरायची गोळी’ घ्यायची. त्यात बहुतेकदा सेराशिओपेप्टिडेज असतं, तेही प्रथिनं कापणारंच. कुणी त्याच समजुतीनं कच्ची पपई खातं. गाठ म्हणजे सूज नव्हे. या गोळ्यांनी ती विरघळत नाही, आठवडे तेवढे हातचे जातात.

दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. कधी तर गाठही नसते, मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) चुन्याचे बारीक ठिपके तेवढे दिसतात. बोंडातून रक्त आलं, कातडी आत ओढली गेली, तर त्याच आठवड्यात दाखवा. तपासणीसाठी गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे.

आता रिपोर्ट. ‘इन सिटू’ हे शब्द वाचून आक्काच्या घरात रडारड झाली होती. त्याचा अर्थ बांध अजून शाबूत आहे. पण ते वाचून निवांतही बसू नका. अशी प्रत्येक गाठ बांध फोडतेच असं नाही. कुठली फोडेल, हे मात्र आधी खात्रीनं सांगता येत नाही.

बेळगावात दाखवून पुढं मिरजेला किंवा कोल्हापूरला जाणार असाल, तर नुसता कागद नेऊ नका. तपासलेल्या तुकड्याची स्लाइड आणि तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. डॉक्टर कन्नड बोलणारे असोत की मराठी, त्यांना तीन गोष्टी विचारा : पडदा फुटलाय का, हार्मोन रिसेप्टरची तपासणी (हार्मोनवरची औषधं लागू पडतील का, ते सांगणारी) झाली का, काखेतल्या लसिकाग्रंथी पाहिल्या का. आक्कानं हे तिन्ही प्रश्न माझ्याकडून रिपोर्टच्याच पाकिटावर लिहून घेतले.