वनडेतल्या दोन वेगवान गोलंदाजांची तुलना कशी करावी

नुसती सरासरी बघून निकाल देऊ नका. सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा) म्हणजे स्ट्राइक रेट (एका बळीमागे टाकलेले चेंडू) गुणिले इकॉनॉमी (एका षटकामागे दिलेल्या धावा), भागिले सहा. दोन अगदी वेगळ्या प्रकारचे गोलंदाज या गुणाकारात सारखेच दिसू शकतात. जवागल श्रीनाथ (315 बळी) आणि अजित आगरकर (288 बळी) यांचंच बघा. श्रीनाथची सरासरी 28.08, आगरकरची 27.85, म्हणजे जवळपास बरोबरी. पण श्रीनाथचा स्ट्राइक रेट 37.8 आणि इकॉनॉमी 4.44, तर आगरकरचा स्ट्राइक रेट 32.9 आणि इकॉनॉमी 5.07.

हे आकडे दहा षटकांवर आणा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. दहा षटकांत श्रीनाथ सुमारे 44 धावा देऊन 1.6 बळी घेतो. आगरकर सुमारे 51 धावा देऊन 1.8. चार सामन्यांचा हिशेब केला तर आगरकरकडून साधारण एक बळी जास्त मिळतो आणि त्यापायी पंचवीसेक धावा जादा जातात. हा सौदा परवडतो का, ते बाकीच्या माऱ्यावर ठरतं. दुसऱ्या टोकाकडून धावा रोखणारा कोणी असेल तर परवडतो. दोन्हीकडून फटकेबाजी चालू असेल तर नाही.

आकडे गोळा करताना हमखास होणारी एक चूक अशी: 9.4 षटकं म्हणजे 58 चेंडू, साडेनऊच्या आसपासचा दशांश अपूर्णांक नव्हे. 9.4 षटकांत 41 धावा दिल्या असतील तर स्प्रेडशीट सरळ भागाकार करून 4.36 दाखवतं, खरी इकॉनॉमी 4.24. म्हणून आधी सगळी षटकं चेंडूंत बदला. दुसरं, अनेक मालिकांच्या सरासऱ्यांची सरासरी काढू नका. एकूण धावांना एकूण बळींनी भागा. आणि कोणत्या संघाचे आकडे आहेत ते तपासा: झहीर खानच्या 282 बळींपैकी 13 भारतासाठी नव्हे, तर आशिया इलेव्हन या निवडक आशियाई संघासाठी आहेत.

मग काळ. वेस्ट इंडीजच्या जुन्या काळच्या जोएल गार्नरची 3.09 इकॉनॉमी आजच्या कुणाशी थेट लावणं हा शुद्ध अन्याय आहे, तोही आजच्या गोलंदाजावर. नियम बदलले तिथे कारकीर्द तोडा. जुलै 2005 पासून क्षेत्ररक्षणाच्या निर्बंधांची षटकं 15 ची 20 झाली. ऑक्टोबर 2011 पासून दोन टोकांकडून दोन नवे चेंडू आले, त्यामुळे एकही चेंडू 25 षटकांपेक्षा जुना होईना आणि रिव्हर्स स्विंगची, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट्या दिशेला वळवण्याची, धार गेली. पाकिस्तानच्या वकार युनूसच्या जुन्या चेंडूवरच्या यॉर्करची (फलंदाजाच्या पायाशी टाकलेल्या चेंडूची) आणि 2011 नंतरच्या कुणाची तुलना करताना हे विसरलात तर सगळं गणित फसतं. जुलै 2025 पासून 34 षटकांनंतर त्या दोनपैकी एकच चेंडू पुढे वापरतात, म्हणजे तिथे पुन्हा एक रेघ मारा.

तोडायचं नसेल तर गुणोत्तर काढा: गोलंदाजाची इकॉनॉमी भागिले त्याच सामन्यांतल्या इतर गोलंदाजांची इकॉनॉमी. एकच्या खाली म्हणजे तो इतरांपेक्षा काटकसरी. दोघंही एकाच संघातले असतील तर दोघं एकत्र खेळले तेवढेच सामने घ्या. श्रीनाथ आणि आगरकर यांच्यासाठी 1998 ते 2003 हा पट्टा यासाठी चांगला.

पण गुणोत्तरही फसवतं. 2011 च्या विश्वचषकाचा वानखेडेवरचा अंतिम सामना घ्या. श्रीरामपूरच्या झहीरची नोंद 10 षटकं, 3 निर्धाव, 60 धावा, 2 बळी. बाकी भारतीय गोलंदाजांनी 40 षटकांत 210 दिल्या, म्हणजे 5.25. झहीरचं गुणोत्तर 1.14, आकड्यांवरून तो एकंदरीत बाकीच्यांपेक्षा महाग! आता स्पेल (सलग टाकलेल्या षटकांचे टप्पे) सुटे करा. पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव, 6 धावा आणि श्रीलंकेचा सलामीवीर थरंगा स्लिपमध्ये झेलबाद. उरलेल्या पाचांत 54. श्रीलंकेने शेवटच्या पाच षटकांत, बॅटिंग पॉवरप्लेमध्ये (फलंदाजी करणाऱ्या संघाने निवडलेली क्षेत्ररक्षण-निर्बंधांची षटकं), 63 धावा कुटल्या आणि त्यातली अवघड षटकं कर्णधाराने झहीरच्याच हाती दिली होती. जो डेथला, म्हणजे डावाच्या अखेरच्या षटकांत, टाकतो त्याची इकॉनॉमी बिघडणारच. तेव्हा डावाचे तीन तुकडे करा: 1 ते 10, 11 ते 40, 41 ते 50. प्रत्येक तुकड्यात गुणोत्तर वेगळं काढा आणि समोर फक्त वेगवान गोलंदाजच ठेवा, कारण फिरकीपटू बहुधा मधली षटकं टाकतात.

तुकडे केले की चेंडू कमी पडतात, हे लक्षात असू द्या. बळींच्या संख्येचं वर्गमूळ म्हणजे किती चूक असू शकते याचा ढोबळ अंदाज समजा: 100 बळी असतील तर दहाएक इकडे-तिकडे, 25 असतील तर पाच. म्हणजे शंभर-शंभर बळी घेतलेल्या दोघांपैकी एकाची सरासरी 24 आणि दुसऱ्याची 26 असेल, तर तुमच्याकडे वाद आहे, निकाल नाही. डेथ ओव्हर्सचा निष्कर्ष 300 पेक्षा कमी चेंडूंवरून काढूच नये.

शेवटी बळी कुणाचे ते मोजा. अखेरच्या षटकांत आडवी बॅट फिरवणाऱ्यांचे बळी स्ट्राइक रेट फुगवतात. पहिल्या सहा क्रमांकांचे बळी वेगळे काढून त्यांचा स्ट्राइक रेट पुन्हा काढा, आणि दुबळ्या संघांविरुद्धचे सामने गाळून एकदा, न गाळता एकदा. दोन्ही वेळा तोच गोलंदाज वर राहिला, तर मग त्याचं नाव घ्या.