एकट्याने अमेरिकेच्या आरपार, गाडी आणि तंबू घेऊन: आधी रात्रीचे मुक्काम ठरवा, मग दिवस

शिकागोहून पश्चिमेकडे निघायचं. बॅडलँड्स, यलोस्टोन, ग्रँड टीटन, युटाचे लाल खडक आणि शेवटी ग्रँड कॅन्यन. अशी सहल आखताना बहुतेक जण आधी बघायच्या ठिकाणांची यादी करतात, मग रोजचे मैल मोजतात आणि मुक्काम ‘वाटेत बघू’ म्हणून सोडून देतात. दोघं असतील तर हे निभावून जातं, कारण एक जण गाडी चालवतो आणि दुसरा नकाशात डोकं घालतो. एकट्याचं तसं नाही. दिवसभर गाडी हाकून अंग आंबलेलं, ऊन उतरलेलं, फोनला रेंज नाही आणि समोर खाजगी जमिनीची पाटी, अशी वेळ आली की माणूस मिळेल तिथे तंबू ठोकतो. सहली बिघडतात त्या इथे. म्हणून आधी प्रत्येक रात्र ठरवा आणि बघायची ठिकाणं त्या रात्रींच्या मध्ये बसवा.

निघण्याआधी

गाडीची सर्व्हिसिंग, झोपण्याची पिशवी, स्टोव्ह हे सगळं तुम्ही बघालच. पण तीन गोष्टी हमखास राहतात. डिकीत स्टेपनी खरोखर आहे का ते उघडून पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत तिच्या जागी नुसता पंक्चरचा किट असतो. गाडी भाड्याची असेल तर करार वाचा, कारण कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याची मनाई त्यात बहुतेक वेळा असते. आणि ‘अमेरिका द ब्युटिफुल’ हा वार्षिक पास घेतलात तर एवढं लक्षात ठेवा की तो राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश देतो, तिथल्या कॅम्पग्राउंडचं भाडं त्यात नसतं. राज्यांच्या उद्यानांना तो चालत नाही. मॉन्युमेंट व्हॅली ही नावाहो या मूळनिवासी लोकांची जागा आहे, तिथेही चालत नाही.

रोजचे मैल

एकट्याने तंबूच्या सहलीत दिवसाला ३०० मैल पुष्कळ झाले. रोज ५०० मैल मारा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ते मोटेलात उतरणाऱ्यांचं गणित आहे. मुक्कामाच्या भागात दुपारी चारच्या सुमारास पोचायचं, म्हणजे जागा शोधायला उजेड हाताशी राहतो. दर दोन-तीन दिवसांनी एकाच जागी दोन रात्री काढा.

टाकी अर्ध्यावर आली की पेट्रोल भरा. युटामध्ये आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलाइना या शंभराहून जास्त मैलांत एकही पंप नाही. घड्याळाकडेही लक्ष असू द्या. साउथ डकोटा ओलांडताना मध्येच घड्याळ एक तास मागे जातं. उन्हाळ्यात बहुतेक राज्यं घड्याळ एक तास पुढे करतात, ॲरिझोना करत नाही, तिथल्या नावाहो भागात मात्र करतात. प्रवेशाची वेळ आरक्षित केलेली असली तर हा तासाचा फरक महागात पडतो.

उद्यानाच्या आतल्या रात्री

राष्ट्रीय उद्यानात फक्त नेमून दिलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच राहता येतं, किंवा परवाना काढून पायी आत जाऊन. पार्किंगमध्ये गाडीत झोपलात तर रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, रात्री उठवतात. आरक्षण बहुतेक ठिकाणी रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं (यलोस्टोनच्या काही मोठ्या कॅम्पग्राउंडचं मात्र तिथल्या खाजगी कंपनीकडे) आणि बरीच उद्यानं सहा महिने आधी ते खुलं करतात. यलोस्टोनच्या रात्री आधीच आरक्षित करा. उद्यान अवाढव्य आहे, बाहेर मुक्काम केला तर रोज दोन-तीन तास येण्याजाण्यातच जातात. जागा मिळाली नाही तर रद्द झालेल्या आरक्षणांवर नजर ठेवा. एकट्याला एकच लहान तंबू लावायचा असतो, त्यामुळे रविवार ते गुरुवार एखाद्या रात्रीची जागा मिळून जाते. बाकी ठिकाणी सगळ्या रात्री आरक्षणाने बांधून घेऊ नका, एका वादळाने पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं.

मोकळ्या सरकारी जमिनीवर जागा निवडणं

सहलीतला खरा अवघड भाग हा आहे. पश्चिमेकडे नॅशनल फॉरेस्ट, म्हणजे सरकारी जंगलं, आणि मोकळी सरकारी जमीन सांभाळणारं खातं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, यांच्या कोट्यवधी एकर जमिनीवर फुकट तंबू लावता येतो. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. तिथे पाणी नाही, संडास नाही, आरक्षणही नाही. एका जागी राहण्याची मुदत बहुधा १४ दिवसांची असते. यावर मिळणारा सर्वांत वाईट सल्ला म्हणजे ‘ॲपवरच्या खुणेवर जा आणि तंबू लावा’. ती खूण कोणी कधी टाकली याचा पत्ता नसतो. मधल्या काळात रस्ता बंद झालेला असतो किंवा जागा खाजगी निघते.

पहिला प्रश्न, जमीन कुणाची? मालकी दाखवणाऱ्या नकाशात बीएलएमची जमीन पिवळी, नॅशनल फॉरेस्टची हिरवी आणि खाजगी पांढरी असते. दक्षिण वायोमिंगमध्ये आय-८० च्या दोन्ही बाजूंना हे रंग बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक येतात, कारण एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एक सोडून एक चौरस मैल जमीन दिली गेली होती. तिथे कुंपण नसलेली जमीनही खाजगी असू शकते. अशा पट्ट्यात अंदाजाने थांबू नका.

दुसरा प्रश्न, गाडी नेता येते का? नॅशनल फॉरेस्टचा ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’ फुकट मिळतो. काळा-पांढरा, दिसायला रुक्ष, पण कायद्याने तोच चालतो. ज्या रस्त्यांच्या कडेला ठिपके छापलेले असतात, तिथे रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंत गाडी घालून मुक्काम करता येतो. ते अंतर नकाशावरच्या तक्त्यात असतं. जो रस्ता या नकाशावर नाही, तो प्रत्यक्षात कितीही मळलेला दिसला तरी बंदच समजा. नकाशा ॲव्हेन्झा ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसतानाही तुमची गाडी त्यावर दिसते. मग निघण्याच्या आदल्या दिवशी, कामाच्या वेळेत, त्या भागाच्या रेंजर कार्यालयाला फोन करून तीन गोष्टी विचारा: या क्रमांकाचा रस्ता आज कसा आहे, आगीवर निर्बंध आहेत का, आणि कुठला भाग बंद केलाय का. पाच मिनिटांच्या या फोनला कुठल्याही ॲपची सर येत नाही.

तिसरा प्रश्न रस्त्याचा, आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. साउथ डकोटात आणि दक्षिण युटात राखाडी, फिकट रंगाची बेंटोनाइट माती आहे. कोरडी असताना तिच्यावरून साधी कार बिनदिक्कत जाते. पाऊस पडला की तीच माती चाकांना थरावर थर चिकटते, टायरच्या खाचा भरून जातात आणि फोर-व्हील गाडीसुद्धा साबणावरून गेल्यासारखी घसरते. युटातला कॉटनवुड कॅन्यन रस्ता याच कारणाने पावसात निकामी होतो. खाली उतरून चार पावलं टाका. बुटाच्या तळाला माती चिकटून जाड होत चालली असेल तर तिथूनच मागे फिरा. रात्री पावसाचा अंदाज असेल तर मातीच्या रस्त्यावर आत जाऊच नका, खडीच्या रस्त्यालगत थांबा. नाहीतर आत गेलेली गाडी जमीन वाळेपर्यंत आतच राहते. एकट्यासाठी आणखी एक नियम: जिथून गाडी वळवता येणार नाही अशा रस्त्यावर न बघता शिरायचं नाही. गाडी उभी करा, पुढचं वळण चालत पाहून या, आणि मगच पुढे न्या.

चौथा प्रश्न जमिनीचा. आधी वर बघा. कोलोराडो आणि वायोमिंगच्या जंगलांत भुंग्यांनी मारलेली पाइनची झाडं वर्षानुवर्षं उभी असतात. साल सुटलेली, फांद्यांवर एकही हिरवी सुई नाही, असं झाड वारा नसतानाही पडू शकतं. त्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडा. मग खाली बघा. गुळगुळीत वाळूची सपाट पट्टी दिसली आणि कडेच्या झुडपांत काटक्या, वाळलेलं गवत एकाच दिशेने अडकलेलं असलं, तर तो कोरडा ओढा आहे. त्याला तिथे वॉश म्हणतात. नैर्ऋत्येकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पावसाळी वादळं येतात. तुमच्या डोक्यावर चांदणं असताना वीस मैलांवरच्या पावसाचं पाणी त्या वाळूतून येतं. तंबूसाठी यापेक्षा मऊ जागा सापडणार नाही, आणि यापेक्षा वाईटही नाही.

दरीच्या अगदी तळाशीही नको, रात्री थंड हवा तिथे साचते. पन्नास-शंभर फूट वर चढलात तरी फरक जाणवतो. यलोस्टोनचे बरेच कॅम्पग्राउंड ७,००० ते ८,००० फुटांवर आहेत आणि तिथे ऑगस्टमध्येही पाणी गोठतं. उघड्या माथ्यावर मात्र वीज आणि वारा, म्हणून मधला उतार धरा. पाण्यापासून २०० फूट लांब राहा, आणि आधी कुणीतरी वापरलेली, गवत मेलेली जागाच वापरा. बॅडलँड्सजवळ वॉल गावाबाहेर कड्यावरची जागा फोटोंमुळे फार लोकप्रिय झाली आहे. तिथल्या कडा ठिसूळ आहेत आणि वारा अडवायला काहीच नाही. कड्यापासून भरपूर मागे थांबा.

जागा पसंत पडली की जमिनीवर दोन मिनिटं आडवे व्हा. डोळ्यांना न दिसणारा उतार पाठीला कळतो. डोकं चढाच्या बाजूला ठेवा. आणि गाडी बाहेर पडण्याच्या दिशेने तोंड करून लावा, म्हणजे रात्री निघावं लागलं तर अंधारात मागे घ्यावी लागणार नाही.

वाऱ्यात एकट्याने तंबू

गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा. पिशवीतून तंबू काढण्याआधी सगळ्या दांड्या जोडून जमिनीवर ठेवा. मग तंबू जमिनीलगत पसरा, त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार विरुद्ध बाजूला. गुडघ्याने कापड दाबून धरत वाऱ्याकडचे दोन कोपरे मेखांनी आधी पक्के करा. हे होईपर्यंत एकही दांडी ओवायची नाही. दांड्या आधी उभ्या केल्या तर तंबू शिडासारखा फुगतो आणि एकट्याच्या हातात राहत नाही. दोन कोपरे धरल्यावर दांड्या ओवा, उरलेले, वाऱ्यापासून लांबचे कोपरे ठोका, फ्लाय (तंबूवरचं पावसाचं आवरण) टाकताना पुन्हा वाऱ्याकडची कड आधी अडकवा आणि मग सगळे तणावे ओढा. हवा शांत असली तरी तणावे लावाच. मैदानी भागातली वादळं बऱ्याचदा रात्री येतात.

तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेच्या मेखा बागेतल्या हिरवळीपुरत्या ठीक. कडक जमिनीसाठी ८ ते १० इंची पोलादी खिळे आणि हातोडी घ्या. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं. वाळूत मेख धरत नाही. तिथे कापडी पिशवीत वाळू भरा, तणावा तिला बांधा आणि फूटभर खोल पुरा. खडकावर तणावा लहान दगडाला गुंडाळा आणि त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, जड दगड ठेवा. नुसता दोरीवर ठेवलेला दगड दोरी कापतो. विजा सुरू झाल्या तर तंबू सोडून गाडीत बसा. थंडी कितीही असो, तंबूत किंवा गाडीत स्टोव्ह पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्राणी, पाणी, बाकीचं

खाणं, टूथपेस्ट, साबण, सगळं रात्री तंबूबाहेर. यलोस्टोनमध्ये हे सगळं बंद गाडीत ठेवलं तर चालतं, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये रात्री गाडीतही ठेवायचं नाही, लोखंडी पेटीतच. अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, बायसनपासून (रानगव्यासारखा प्राणी) २५ यार्ड लांब राहा. यलोस्टोनमध्ये बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला रोखणारा तिखट फवारा, पट्ट्याला अडकवलेला हवा, डिकीत त्याचा उपयोग नाही.

पिण्याचं पाणी दिवसाला ४ लिटर, शिवाय २० लिटरचा कॅन गाडीत. शौचासाठी पाण्यापासून २०० फुटांवर ६ ते ८ इंच खोल खड्डा. युटातल्या मोॲब गावाच्या आसपास बऱ्याच जागी मैला पिशवीत बांधून परत न्यावा लागतो.

घरी काय सांगून ठेवायचं

‘युटात आहे’ एवढं सांगून कुणी शोधू शकत नाही. रोज निघताना एका माणसाला फॉरेस्ट किंवा बीएलएम कार्यालयाचं नाव, रस्त्याचा क्रमांक, गाडीचा नंबर आणि एक ठरलेली वेळ कळवा: उद्या दुपारी बारापर्यंत निरोप आला नाही तर त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफला, म्हणजे पोलीसप्रमुखाला, फोन कर. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा तशी सोय असलेला फोन जवळ ठेवा, आणि निघण्याआधी मोकळ्या आकाशाखाली एकदा वापरून बघा.

जागा मिळालीच नाही तर

सूर्य मावळायला तासभर उरला आणि जागा पक्की नसेल, तर शोध थांबवा. अंधारात निवडलेल्या जागेवर वॉश दिसत नाही, मेलेलं झाड दिसत नाही, पाटीही दिसत नाही. म्हणून प्रत्येक रात्रीसाठी एक पर्याय आधीच लिहून ठेवा: महामार्गालगतचं खाजगी कॅम्पग्राउंड किंवा ट्रकवाल्यांचा थांबा. हायवेवरच्या रेस्ट एरियात किती तास थांबता येतं हे राज्यागणिक बदलतं, त्यामुळे तिथली पाटी वाचून मगच सीट मागे टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजर कार्यालय उघडल्यावर पहिला फोन लावा आणि पुढच्या रात्रीची जागा दुपारच्या आत नक्की करा.